निपाणीचा डबा आणि माझं एक वाक्य

"तुमच्या नोकरीबद्दल लिहा," असं या अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "माझी नोकरी कसली होती, म्हाईत हाय काय तुमाला?" ते जरा अडखळले आणि म्हणाले, "कॉम्प्युटरची." त्यांची चूक नाही. मी निवृत्त होईपर्यंत माझ्या सख्ख्या जाऊबाईंनाही मी नेमकं काय करते ते कळलेलं नव्हतं. त्या पाहुण्यांना सांगायच्या, "आमची सुमन हापिसात पत्रं पोचवती." खरं तर सगळ्यांत बरोबर उत्तर त्यांचंच होतं.

बेळगावातल्या एका शिक्षण संस्थेच्या मुख्य कार्यालयात मी टायपिस्ट म्हणून लागले आणि मेल सांभाळणारी म्हणून बाहेर पडले. मधलं सगळं सोडून देते, त्यात वाचण्यासारखं काही नाही. संस्थेच्या शाळा काकतीपासून गुंजीपर्यंत पसरलेल्या, आणि एक कॉलेज निपाणीत. कुणाला मेल येत नाही, कुणाची जात नाही, कुणाची आलेली उघडत नाही, की फोन मला. त्यामुळं सगळीकडं माझं नाव 'मेलवाली आक्का' पडलं. आमच्या भागात बायकाही बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. पुढं आमचं बोलणं येईल तिथं संपादकांनी ते सुधारू नये, ही विनंती.

गिऱ्हाईकं एकेक वल्ली होती. गुंजीचे एक मुख्याध्यापक आलेली मेल छापून घ्यायचे, मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं उत्तर लिहायचे आणि तो कागद रेल्वेनं बेळगावला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती माझ्याकडं पाठवायचे. वर निरोप, "आक्का, हे तेवढं मेलनं उलट पाठवा." काकतीच्या एका बाईंनी सगळ्या महत्त्वाच्या मेल कचऱ्याच्या फोल्डरमध्ये जपून ठेवल्या होत्या, कारण तिथं कुणी बघायला येत नाही. तो फोल्डर महिन्यानं आपोआप रिकामा होतो हे कळल्यावर त्या माझ्यावरच रुसल्या. एका सरांच्या पडद्यावरची अक्षरं मुंगीएवढी झाली म्हणून मी भर उन्हात पंधरा किलोमीटर गेले, तर शिपायानं ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसलेला. पुसता पुसता दोन बटणं एकदम दाबली गेली होती, एवढंच.

अशा अनुभवांतून माझं एक वाक्य तयार झालं. 'मशीन आपणहून बिघडत न्हाय, कुणीतरी हात लावल्याला असतोय.' फोन उचलला की पहिलं तेच तोंडातून निघायचं. लोक हसायचे, मलाही त्या वाक्याचा अभिमान होता, कारण दहातल्या नऊ वेळा ते खरं ठरायचं. मी स्वभावानं तापट. फोनवर कुणी रडगाणं सुरू केलं की हे वाक्य फेकायचं आणि कामाला लागायचं, अशी माझी पद्धत. त्या वाक्यानं एका बाईची अकरा वर्षांची नोकरी कशी धोक्यात आणली, ते आज सांगायचं आहे.

त्याआधी माझ्या कामाची थोडी माहिती द्यावी लागेल. निपाणीकडच्या माणसाला तंबाखूची वखार माहीत असते, तिचंच उदाहरण घेते. मेलचंही तसंच आहे. एक वखार असते, तिथं सगळ्यांची पत्रं साठवलेली असतात. आणि एक खिडकी असते, तिथं तुम्ही उभे राहता आणि आतला माणूस तुमचं पत्र काढून दाखवतो. तुम्ही ब्राउझरमध्ये नाव आणि पासवर्ड घालून जे पान बघता, ती खिडकी. आमची वखार बेळगावात होती. खिडक्या मात्र दोन होत्या, एक बेळगावात आणि एक निपाणीत. पूर्वी निपाणीची इंटरनेटची लाइन सारखी मान टाकायची, म्हणून मीच तिथं एक छोटं मशीन बसवून घेतलं होतं. एकदा उघडलेलं पत्र ते आपल्याजवळ जपून ठेवायचं, म्हणजे लाइन गेली तरी जुनी पत्रं वाचता यायची. राखाडी रंगाचं, पोळ्यांच्या डब्याएवढं मशीन. सगळे त्याला 'डबा'च म्हणायचे.

वखार आणि खिडकी या दोन्ही ठिकाणचे प्रोग्राम अधूनमधून नवे करावे लागतात. ते दोन्हीकडं एकाच दमात करायचे असतात, नाहीतर वखारीतला माणूस नव्या पद्धतीनं गठ्ठे बांधून देतो आणि खिडकीवरच्याला ते सोडता येत नाहीत. हे काम कार्यालय बंद असतानाच करावं लागतं. म्हणून मी खंडेनवमीचा दिवस धरला होता. त्या दिवशी सकाळी हत्यारांची, यंत्रांची पूजा होते आणि कार्यालयं दसरा होईपर्यंत बंद राहतात. लोक सुट्टीवर असताना मी बेळगावचं काम घरून लावून द्यायची आणि सकाळची बस धरून निपाणीला जायची. डब्याचं काम हातानं करायची, कॉलेजातल्या पूजेचा प्रसाद घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत पिरनवाडीला घरी परत. अठरा वर्षं हा नेम चुकला नाही.

एकोणिसाव्या वर्षी चुकला. माझ्या निवृत्तीला सहा महिने राहिले होते आणि उजवा गुडघा बसची पायरी चढू देत नव्हता. तोवर निपाणीची लाइनही सुधारली होती. मी म्हटलं, एवढ्यासाठी कशाला हाडं खिळखिळी करून घ्यायची? दोन्ही मशीनना खंडेनवमीला अकरा वाजताची वेळ लावून दिली. काम झालं की प्रत्येक मशीन माझ्या मोबाइलवर 'झालं' असा एका ओळीचा निरोप पाठवणार होतं. अकरा वाजून गेल्यावर मी पुरणाची डाळ शिजत घातली होती, तेव्हा एक निरोप आला. 'झालं' वाचलं, मोबाइल फळीवर ठेवला आणि वाटणाकडं वळले. दुसरा निरोप आलाच नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. घरात कुणी काही बोललं नाही की सगळं ठीक आहे असं मी धरते, मशीनच्या बाबतीतही तेच धरलं.

दसरा गुरुवारी झाला. शुक्रवारी आणि शनिवारी मी रजा घेतली होती. शुक्रवारी निपाणीच्या कार्यालयातून दोन मिस्ड कॉल येऊन गेले होते. सोमवारी बघू, म्हणून मी ते तसेच ठेवले.

सोमवारी कार्यालयात पर्स ठेवते न ठेवते तोच निपाणीच्या प्राचार्यांचा फोन. माणूस सज्जन, पण घायकुतीला आलेला. "मॅडम, आमच्या मेल सगळ्या रिकाम्या दिसतात. कुणाकडून आली ते दिसतं, विषय दिसतो, उघडलं की आत पांढरं पान. विद्यापीठानं परीक्षा केंद्राबद्दल विचारलं होतं, शनिवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. आता त्यांचा फोन आला आणि नाही नाही ते ऐकून घ्यावं लागलं. गंमत म्हणजे जुन्या मेल व्यवस्थित दिसतात, नव्याच तेवढ्या कोऱ्या. हे कसं काय?"

मी काहीही न बघता, सवयीनं म्हटलं, "सर, मशीन आपणहून बिघडत न्हाय, कुणीतरी हात लावल्याला असतोय."

"असं म्हणता," म्हणून त्यांनी फोन ठेवला. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, ते मी त्या सकाळी केलं.

निपाणीच्या त्या कार्यालयात मेल उघडणारी व्यक्ती एकच होती, राजमती चौगुले. निपाणीजवळच्या एका वस्तीवर राहणारी, चाळिशीची, जैन शेतकरी घरातली. घरी कन्नड, कार्यालयात मराठी, आणि दोन्हीकडं मोजून बोलणारी. अकरा वर्षं ती तात्पुरत्या नेमणुकीवर काम करत होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी बारावीला. दर जूनमध्ये तिला पुन्हा अर्ज करावा लागायचा. त्या वर्षी पहिल्यांदा तिला कायम करण्याचा विषय संस्थेच्या बैठकीत येणार होता, आणि ती बैठक त्याच आठवड्यात शनिवारी होती.

मी बेळगावच्या खिडकीतून प्राचार्यांच्या मेल उघडून पाहिल्या. सगळ्या भरलेल्या, अक्षर न् अक्षर जागेवर. लगेच त्यांना फोन केला, "सर, मजकूर कुठं गेलेला न्हाय. हितं सगळं दिसतंय." मला वाटलं, त्यांच्या जिवात जीव येईल. ते म्हणाले, "तुमच्याकडं दिसतंय आणि आमच्याकडं दिसत नाही, म्हणजे इथंच कुणीतरी काहीतरी केलंय. तुम्हीच म्हणालात की." त्यांचं गणित चुकीचं होतं असंही म्हणता येईना, कारण त्या घटकेला माझंही गणित तेच होतं. निपाणीत कुणीतरी हात लावलाय.

मग सोमवार आणि मंगळवार मी राजमतीला फोनवर बसवून ठेवलं. ब्राउझर बंद कर, चालू कर. दुसऱ्या ब्राउझरमधून बघ. साठवलेली पानं पुसून टाक. दुसऱ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून उघड. ती एकेक करायची आणि सांगायची, "पांढरंच हाय, आक्का." तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, पण भीती होती, हे मला आता आठवतं. तेव्हा मी फक्त उत्तरं ऐकत होते.

मंगळवारी दुपारी ती हळूच म्हणाली, "आक्का, एक इचारू? खंडेनवमीच्या आदल्या दिवसापतोरच्या मेल चांगल्या दिसत्यात. दसऱ्यानंतरच्या तेवढ्या पांढऱ्या. दसऱ्याला तुमी काय केलतासा काय?"

मी उसळले. "मी काय केलोय ते मला म्हाईत हाय. तुला सांगतो तेवढंच कर गं."

"बरं आक्का," ती म्हणाली, आणि पुढचं बटण दाबलं.

तिच्या प्रश्नात सगळं उत्तर होतं. वीस वर्षं या कामात काढलेल्या बाईनं ते ऐकून जागच्या जागी डब्याचा प्रोग्राम तपासायला हवा होता, दोन मिनिटांचं काम. पण दोन्हीकडचं काम झालंय अशी माझी खात्री होती, आणि खात्री असली की माणूस बघत नाही.

बुधवारी चारच्या सुमारास आस्थापना विभागातल्या बाई माझ्या टेबलाशी आल्या आणि एक कागद पुढं केला. "आक्का, खाली सही करा. दुजोरा तुमचाच हाय म्हणे." निपाणीच्या प्राचार्यांचं पत्र होतं. त्यात लिहिलं होतं की श्रीमती चौगुले यांनी मेल यंत्रणेत अनधिकृत हस्तक्षेप केल्यामुळे कार्यालयीन पत्रव्यवहारात अडथळा आला, विद्यापीठाकडून नाराजी ओढवली, मुख्य कार्यालयाच्या मेल विभागानं यास तोंडी दुजोरा दिला आहे, सबब त्यांच्या कायम नेमणुकीचा विचार करण्यात येऊ नये.

मी ते पत्र तीनदा वाचलं. मेल विभाग म्हणजे मी. माझ्या विभागात दुसरं माणूसच नव्हतं. गमतीत बोलायचं माझं वाक्य शाई लागून परत आलं होतं आणि खाली माझी सही मागत होतं. मी त्या बाईंना म्हटलं, "सही करायच्या आधी मी निपाणीला जाऊन येतो. शनिवारच्या बैठकीपतोर ह्यो कागद कुठं हलवायचा न्हाय." त्या म्हणाल्या, "आणि तुमचा गुडघा?" मी म्हटलं, "गुडघ्याला काय इचारायचंय?"

गुरुवारी सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून बस धरली. काकती मागं पडली, हत्तरगी गेली, संकेश्वर आलं, आणि मी मनात एकच घोकत होते की आज बघितल्याशिवाय काही बोलायचं नाही.

राजमतीनं मला पाणी दिलं, समोर बसून एक जाडजूड वही पुढं सरकवली. आवक नोंदवही. टपालानं आलेल्या पत्राची नोंद सगळेच करतात, राजमती मेलचीही करायची. पूर्वीच्या मोठ्या बाबूंनी घालून दिलेली रीत. मेल बेळगावात साठतात, वहीत कशाला लिहिता, असं मीच तिला कधीतरी हसले होते. प्रत्येक मेलला क्रमांक, कुणाकडून, विषय, किती वाजता उघडली, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. खंडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंत शेऱ्यात 'वाचले', 'उत्तर दिले'. मग दोन दिवस सुट्टी. शुक्रवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी पहिली नोंद, आणि शेरा, 'मजकूर दिसत नाही. बेळगावला फोन केला, उचलला नाही.' तिथून पुढं ओळीनं सतरा मेल. सतरा वेळा त्याच शांत अक्षरात 'मजकूर दिसत नाही'.

जिनं हात लावलाय ती बाई पहिल्या तासाला हे लिहून कशाला ठेवील? मी विचारलं, "प्राचार्यांना दाखवलीस काय ही वही?"

"दाखवलो की. ते म्हणाले, बेळगावच्या मॅडमनीच सांगितलंय."

मी उठले. "डबा कुठं हाय?"

डबा पाठीमागच्या खोलीत भिंतीतल्या फळीवर होता. त्याच्यावर झेंडूची सुकलेली माळ. पुढच्या बाजूला हळदीकुंकवाची बोटं. माझं लक्ष खाली गेलं. भिंतीतल्या सॉकेटला आणि त्यात बसवलेल्या पिनेलाही कुंकू लागलं होतं. पिन जरा ओढून बघितली, तर सॉकेटमध्ये बसणाऱ्या बाजूलाही कुंकू होतं. म्हणजे पूजेच्या वेळी पिन बाहेर होती.

मी शिपाई बाळाप्पांना हाक मारली. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे, त्यांचीही निवृत्ती जवळ आलेली. "आप्पा, खंडेनवमीला डब्याची पूजा कशी केलासा?"

"दरसाली करतो तशीच की ओ. तुमी येतासा, तुमचं काम हुतंय, मग मी पिन काढून पूजा करतोय. पूजा झाल्यालं हत्यार दसऱ्यापतोर चालवायचं नसतंय. औंदा धा वाजले, साडेधा झाले, तुमी काय आलासा न्हाय. म्हटलं, औंदा आक्काचं काम नसंल. मुहूर्त टळाय नको म्हणून पिन काढलो आणि पूजा केलो. दसऱ्याला सोनं वाहून परत लावलो." मग माझ्याकडं बघून घाबरून म्हणाले, "का ओ? काय चुकलं काय?"

"तुमचं काय न्हाय चुकलं, आप्पा," मी म्हटलं. मग तिथल्या स्टुलावर बसले.

अठरा वर्षं बाळाप्पा माझ्यासाठी पूजा थांबवून ठेवत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या कामाची पद्धत मी वहीत लिहून ठेवली होती, त्यात अकरा पायऱ्या होत्या. पण मी स्वतः बसमधून उतरून दारात दिसले की मगच बाळाप्पा पिनेला हात घालतात, ही पायरी त्यात नव्हती. अकरा वाजता बेळगावची वखार नवी झाली, निपाणीचा डबा तेव्हा झेंडूची माळ घालून बंद बसला होता. दसऱ्याला तो चालू झाला तो जुनाच. वखार नव्या पद्धतीनं बांधलेली पत्रं देत होती, याला वरचा पत्ता वाचता येत होता आणि आतला कागद उलगडता येत नव्हता. जुनी पत्रं त्यानं स्वतःजवळ ठेवलेली, म्हणून ती तेवढी दिसायची. हात कुणीतरी लावला होता हे खरं होतं. मी बेळगावात हात लावला होता आणि निपाणीत लावायचा विसरले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी तीन दिवस मदत करत होते.

कामाला बसले. डब्याचा प्रोग्राम नवा करायला दुपारचे दोन वाजले. राजमतीनं मेल उघडली आणि म्हणाली, "पांढरंच हाय." मी डब्याची साठवण उघडून बघितली. मग ध्यानात आलं की डब्यानं त्या सतरा पांढऱ्या पानांचीही प्रत जपून ठेवली होती आणि तीच इमानदारीनं पुन्हा दाखवत होता. ती साठवण पुसली. मजकूर आला, पण अक्षरं एकावर एक चढलेली, उत्तर द्यायचं बटण कुठल्या कुठं. त्यात मध्येच लाइन गेली आणि तासभर नुसतं बसून राहावं लागलं. लाइन आल्यावर पुन्हा मागं जाऊन बघितलं, तर नव्या खिडकीला मी जुन्या खिडकीची सजावट तशीच ठेवून दिली होती. ती काढली. ब्राउझरनं आपल्यापुरती ठेवलेली जुनी पानंही प्रत्येक टेबलावर जाऊन काढायला लावली. चहा दोनदा थंड झाला. आज हे झाल्याशिवाय बस धरायची नाही, एवढं ठरलं होतं.

साडेपाच वाजता पहिली मेल स्वच्छ उघडली. विद्यापीठाची, परीक्षा केंद्राची. प्राचार्य मागं येऊन उभे होते. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली. मी त्यांना सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ते म्हणाले, "पत्र मी मागं घेतो, मॅडम. पण तुमचं नाव त्यात आलंय." मी म्हटलं, "ते ऱ्हाऊ दे सर. त्याचं मी बघतो."

मग राजमतीकडं वळले. दिवस मावळायला आला होता. ती सूर्यास्तानंतर जेवत नाही, आणि तिची वस्तीची बस कधीच गेली होती. मी म्हटलं, "राजमती, तुझं जेवण ऱ्हायलं गं."

"ऱ्हाऊ दे. एक दिवस उपास घडला."

"मी चुकलो. त्या दिवशी बघितल्याबिगर बोललो. तू बरोबर इचारलं होतंस, तर तुझ्यावरच खेकसलो. माझ्यामुळं तुला सोसावं लागलं."

मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ दे आक्का. आमच्याकडं मोठ्या बाईनं चूक कबूल केली की लहानीनं तसं म्हणायचंच असतं. ती तसं म्हणाली नाही. तिनं आवक नोंदवही उघडली, ते पान काढलं आणि पेन माझ्या हातात दिलं.

"लिवा की ओ, आक्का. तोंडी बोलल्यालं मला भोवलंय."

मला राग आला नाही, लाज वाटली. एकेक मेल तिनं पडद्यावर उघडली, मी बघितली, आणि त्या ओळीच्या शेऱ्यात तिच्या अक्षराखाली लिहिलं, 'मजकूर होता. मुख्य कार्यालयाच्या चुकीमुळे दिसला नाही.' आणि सही. एकच मोठा कंस काढून खाली एक सही केली असती तरी चाललं असतं, पण तिनं तसं सुचवलं नाही आणि मीही नाही. सतरा ओळी, सतरा सह्या. बाळाप्पांनी दिवा लावला. राजमतीनं प्रत्येक ओळ वाचून बघितली आणि वही माझ्या पिशवीत घातली. "शनिवारी दाखवून परत आणून द्या. सोमवारी मला लागती."

शनिवारच्या बैठकीत मला कुणी बोलावलं नव्हतं, मी गेले. वही अध्यक्षांसमोर ठेवली. ते वयानं मोठे, जुन्या शिस्तीचे. चष्मा लावून त्यांनी पान वाचलं आणि विचारलं, "तोंडी दुजोरा कुणी दिलता?"

"मी."

"आणि चूक कुणाची?"

"माझीच."

"चौगुलेबाईंची काय?"

"त्यांची एकच. बेळगावच्या बाईनं फोन उचलला न्हाय, तरी त्यांनी तिच्यावर इश्वास ठेवला."

कुणी हसलं नाही. राजमतीचा विषय मंजूर झाला. माझ्या सेवापुस्तकात एक शेरा पडला, तीस वर्षांतला एकुलता एक. निवृत्तीच्या भाषणात कुणी त्याचा उल्लेख केला नाही, म्हणून इथं मीच करते. तो शेरा मला रास्त वाटतो. ते वाक्य मात्र त्यानंतर मी कधी उच्चारलं नाही. फोन उचलला की आधी विचारायची, "तुमाला काय काय दिसतंय, सांगा."

सोमवारी पहिल्या बसनं वही निपाणीला पोचती केली. कायम नेमणुकीचं पत्र त्याच आठवड्यात मेलनं गेलं. ते आमच्या वखारीतून निघालं तेव्हा मी पडद्यासमोर बसून होते. निपाणीच्या डब्यानं ते घेतलं हे दिसलं, पण नुसतं घेतल्यावर विश्वास ठेवायची माझी हिंमत राहिली नव्हती. मी मोबाइल हातात घेऊन बसले. दहा मिनिटांनी तो वाजला.

"आक्का, मेल आली. आवक नोंदवलो."

"वाच बघू."

तिनं वाचलं. क्रमांक, कुणाकडून, वेळ. विषयाशी आल्यावर तिनं 'कायम नेमणुकीबाबत' हे शब्द पुरे वाचले. माझ्याच डोळ्यांना धार लागली होती.

"आणि शेऱ्यात काय लिवलीस गं?" मी विचारलं.

तिनं वही जवळ ओढल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मजकूर दिसला."